पोरकी रेवती, पालकाची सही आणि सातबारावरचं ‘अ.पा.क.’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुमच्या कादंबरीची नायिका म्हणजे तासगाव तालुक्यातल्या एका गावातली रेवती. ती नऊ वर्षांची असताना आईवडील मोटारसायकलवरून येताना ट्रकच्या धडकेत गेले. काका-काकूंनी वाढवली, पण घरात आणि द्राक्षबागेत राबवून घेतलं, पुढे शिकू द्यायला नकार दिला. दहावीनंतर, सोळाव्या वर्षी, ती एका पहाटे एसटीत बसून पुण्याला पळून जाते. तिथे बेकरीत काम, एका प्रेमळ आजीबाईंच्या घरात खोली, रात्रीचा अभ्यास, आणि शेवटी राज्यसेवा परीक्षा पास होऊन अधिकारी. २८० पानं. सहा जणांनी वाचली आणि सहाही जण म्हणाले, पहिली साठ पानं खाली ठेववत नाहीत, पुढचं ‘बरं आहे’. तुम्ही विचारताय की पुण्याच्या भागात आणखी संकटं घालावीत का.

नका घालू. मी बावीस वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते. पाठीमागचा भाग ढिला पडला की लेखक त्यात एक आजारपण, एक चोरी आणि एक वाईट नजरेचा मालक घालतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पान किती नंबरला आलं यावरून पुढचं संकट कोणतं ते सांगू शकते. त्याने पानं वाढतात, ताण वाढत नाही.

तुमची अडचण वेगळी आहे. ज्या पहाटे रेवती एसटीत चढली, त्या पहाटे तिचं ज्यांच्याशी भांडण होतं ती माणसं कादंबरीतून उतरली. स्वतंत्र व्हायचं म्हणजे कुणापासून तरी, कशापासून तरी. पुण्यात तिला अडवणारं कुणी नाही, तिचं काही कुणाच्या हातात अडकलेलं नाही, आणि मागे गावात तिचं काही राहिलंय असंही पुस्तक म्हणत नाही. मग ती मेहनत करते, यशस्वी होते, आणि वाचक मान डोलावतो. मान डोलावणं म्हणजेच तुमचं ते ‘बरं आहे’.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. हे पुस्तक बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी असेल तर पळून जाणं लवकर यायला हवं आणि पुढची घडण साधी चालेल. मोठ्यांसाठी असेल तर खाली जे लिहितेय ते लागू पडतं. गोष्ट कोणत्या वर्षात घडते ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते ठरवावंच लागेल, कारण सरकारी नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि तुमची नायिका त्यांतूनच चालते. आणि ही तुमची स्वतःची किंवा घरातल्या कुणाची हकीकत असेल, तर काकांना कसं रंगवायचं याबद्दल मी जे म्हणणार आहे ते तुम्हाला पटायला वेळ लागेल. लागू दे.

आता मुद्द्यावर येते. हस्तलिखितावर मी पहिली खूण करते ती एकाच ठिकाणी: या मुलीचं काय काय दुसऱ्यांच्या हातात आहे? तुमच्या साठ पानांत उत्तर आहे, फक्त तुम्हाला ते दिसलेलं नाही. वडील आणि काका, दोघांची मिळून चार एकर बाग, असं दुसऱ्या प्रकरणात एका वाक्यात येतं. मग वडील गेल्यावर त्यांच्या हिश्श्याचं काय झालं?

गावाकडच्या कुणालाही विचारा. वारस नोंद झाली असणार. सातबारावर वडिलांच्या जागी रेवतीचं नाव लागलं असणार आणि नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं, त्यापुढे काकाचं नाव. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे मालकीण ती, पण अज्ञान असल्यामुळे तिच्या वतीने बघणारा तो. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला ‘अज्ञान’ म्हणतात. एवढा शब्द वयात येण्याच्या कादंबरीला आयता मिळतोय आणि तुम्ही तो रस्त्यात टाकून पुण्याला गेलात! अठरा पूर्ण झाली की वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा, फेरफार होतो आणि तो शेरा निघतो. तिचं सज्ञान होणं खरोखर एका कागदावर, एका तारखेला, एका माणसाच्या टेबलावर होणार आहे.

याच कागदावर आणखी एक नाव आहे. तुमची आजी. दुसऱ्या प्रकरणापासून ती कोपऱ्यात खोकते आणि नवव्या प्रकरणात मरते, मधे काहीच करत नाही. मी तुमच्या जागी असते तर उडी मारली असती. हिंदू वारसा कायद्यात (१९५६) मुलगा गेला की त्याच्या आईलाही मुलाबाळांबरोबर पहिल्या वर्गाची वारस धरतात. म्हणजे रेवतीच्या नावाखाली आजीचंही नाव आहे. त्या घरात ज्या दोघींचा आवाज सगळ्यांत कमी, त्या दोघी कागदोपत्री अर्ध्या बागेच्या मालकिणी आहेत. काकाला पीक कर्जाला, पाइपलाइनला, कशालाही कागद करायचा झाला तर म्हातारीचा अंगठा लागतो. आता ती खोकली की काका दचकेल. तेच खोकणं, पण आता त्याला अर्थ आहे.

तिसरी गोष्ट अपघात. ट्रकने धडक दिली म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा झाला असणार. नसेल झाला तर का नाही हीच एक गोष्ट आहे. भरपाई मिळते तेव्हा अज्ञान मुलाच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं, सज्ञान होईपर्यंत. कधी कधी संगोपनासाठी व्याज उचलायची मुभा पालकाला असते. म्हणजे काका दर तिमाहीला तासगावला बँकेत जातो, व्याज काढतो, आणि ते कायदेशीर आहे. त्या पैशातून रेवतीची वह्या-पुस्तकं येतात की बागेची औषधं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इथे मला तुमच्याशी भांडायचंय. तुमचा काका साठ पानं नुसता दुष्ट आहे. शिव्या देतो, ताटातली भाजी काढून घेतो, दारू पितो. असा माणूस सोडून जायला धाडस लागत नाही. त्याला सगळेच सोडून जातील. जो काका सात वर्षं जेवू घालतो, शाळेची फी भरतो, तापात रात्री मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेतो आणि त्याच वेळी तिच्या ठेवीचं व्याज बागेच्या औषधात घालतो, कारण त्याच्या दृष्टीने बाग, घर आणि पोर हे एकच आहे, त्याला सोडणं अवघड. त्याच्याकडे हिशेब मागणं त्याहून अवघड. कारण हिशेब मागितला की तोही मांडणार. ‘सात वरसं काय वाऱ्यावर जेवलीस?’ या वाक्याला रेवतीकडे उत्तर नाही, आणि माझ्या मते तुमची सगळी कादंबरी या वाक्याला उत्तर शोधण्याची आहे. पुण्याला जाणं हा त्याचा फार तर एक तुकडा.

यात एक बारकावा आहे, तो वापरा. काका कायद्याने तिचा नैसर्गिक पालक नाहीच. हिंदू मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे आई आणि वडील. बाकी कुणाला पालक व्हायचं तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून नेमून घ्यावं लागतं. गावात हे फारसं कुणी करत नाही. सातबारावर नाव लागलं, शाळेत सही चालली, की झाला पालक. म्हणजे काकाचं पालकपणही सवयीवर उभं आहे. कोर्टाच्या परवानगीशिवाय तिचा हिस्सा तो विकू शकत नाही. हे त्याला एखाद्या व्यापाऱ्याने किंवा पतसंस्थेच्या वकिलाने हसत हसत सांगितलं, तर तो घरी येऊन कसा वागेल? मला वाटतं, त्या दिवशी तो रेवतीशी नेहमीपेक्षा चांगला वागेल. आणि तिला तीच पहिली शंका येईल. (हे सगळं छापायच्या आधी तालुक्याच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाला दाखवा. दिवाणी काम करणारा हवा. जमिनीच्या बाबतीत एखादी बाब चुकली तर सांगली जिल्ह्यातला वाचक पुस्तक तिथेच मिटतो.)

मी स्वतः यात एकदा चुकलेय म्हणून एवढं ठासून सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक हस्तलिखित आलं होतं, मामाकडे वाढलेल्या मुलाचं. सुरुवात संथ वाटली म्हणून मी लेखकाच्या मागे लागून मुलाला पंचविसाव्या पानावर घराबाहेर काढलं. मामा-मामीची तीन प्रकरणं कापली. पुस्तक सुटसुटीत झालं आणि पूर्ण पडलं. एका वाचकाचं पत्र आलं होतं: ‘हा मुलगा रडतो कुणासाठी ते कळलं नाही.’ मी कापलेल्या तीन प्रकरणांत ते होतं. ती प्रकरणं अजून माझ्या कपाटात आहेत.

आता पुणे. सोळा वर्षांची मुलगी एकटी स्वारगेटला उतरते. पुढे काय होतं ते तुम्ही फार सोपं केलंय. अज्ञान व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्द धरतात, प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातलं सगळ्यांत वरचं अपील न्यायालय) १९०३ च्या निकालापासून ते पक्कं आहे. म्हणजे तिला कुणी खोली भाड्याने देऊच शकत नाही. भाडेकरार तिच्याशी होणारच नाही. वसतिगृहात जाईल तर पालकाची सही मागतील आणि वर स्थानिक पालकाचं नाव आणि मोबाइल. बेकरीवाला आधार कार्ड बघेल. चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याची नसलेली कामं करता येतात, पण कामगार खात्याच्या इन्स्पेक्टरच्या भीतीने बरेच मालक तेवढ्या खोलात न जाता नाहीच म्हणतात. आणि बसस्टँडवर रात्र काढायची वेळ आली तर कुणीतरी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करेल. निराधार सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती पहिला प्रश्न विचारेल: घरी कोण आहे? आणि दुसऱ्या दिवशी गावात फोन जाईल.

तुमच्या त्या प्रेमळ आजीबाई हे सगळे प्रश्न एका फटक्यात मिटवतात, म्हणूनच त्या खोट्या वाटतात. त्यांना काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. रेवतीला एक सख्खी आजी आहे, तीच पुरेशी आहे.

मग ती पळून जाऊच नये का? तुमचा जीव त्या एसटीच्या पहाटेत अडकलाय हे मला कळतं. ते प्रकरण छान लिहिलंय. पण एक गोष्ट सांगते. जेन एअर ही शार्लट ब्राँटेची १८४७ ची इंग्रजी कादंबरी, आणि अनाथ मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहण्याची गोष्ट लिहिणाऱ्या कुणालाही टाळता येणार नाही अशी. ती मुलगी संस्थेतल्या शाळेत आठ वर्षं काढते, सहा शिकत आणि दोन शिकवत. मग एका संध्याकाळी खिडकीशी उभी राहून स्वातंत्र्य मागते. ते मिळणार नाही असं वाटून निदान बदल मागते. तोही हातचा नाही असं वाटून शेवटी म्हणते, बरं, निदान नवी चाकरी तरी दे. मागणं उतरत उतरत परवडणाऱ्या भावाला येतं. मग ती वर्तमानपत्रात जाहिरात देते, उत्तर येतं, पगार वर्षाला तीस पौंड. आधीच्या जागी पंधरा मिळत होते. शार्लट ब्राँटेने हे आकडे सांगितलेत, आणि त्या दुपटीत मुलीच्या आनंदाचं नेमकं माप आहे.

पण मला तुम्हाला दाखवायचंय ते त्याच्या पुढचं. नोकरी घ्यायची तर पालकाची संमती हवी, आणि तिची पालक म्हणजे जिने तिला छळून घराबाहेर काढलं ती मामी. तिला पत्र लिहावं लागतं. मामीचं उत्तर येतं की तुला हवं ते कर, मी तुझ्यात लक्ष घालणं कधीच सोडलंय. संमती मिळाली. अडवणूक नाही, भांडण नाही. आणि ती संमती कोणत्याही मारापेक्षा जास्त लागते, कारण ती सांगते की तुला अडवावं इतकीही तू आमची नाहीस. स्वातंत्र्य मागायला गेलेल्या पोरक्या मुलीला ते इतक्या सहज मिळावं, यासारखं दुःख तुमच्या पहाटेच्या एसटीत नाही.

म्हणून माझी सूचना: तिला आधी सांगलीला जाऊ दे. तासाभराचं अंतर. अकरावीला प्रवेश, मुलींचं वसतिगृह, दर शनिवारी धुण्याची पिशवी घेऊन परत. म्हणजे काका, काकी, आजी, बाग, बँक, कुणीच पुस्तकातून उतरत नाही. आणि वसतिगृहाच्या अर्जावर पालकाची सही लागते. तो प्रसंग मी तुमच्या माणसांना घेऊन चार ओळींत लिहून बघितला (काकाला मी आप्पा म्हटलंय, का ते पुढे सांगते). वापरा असं नाही, फक्त मला काय म्हणायचंय ते दिसावं म्हणून:

आप्पानं फॉर्म उलटासुलटा करून बघितला. “सही कुठं करायची?”

“हितं. पालकाची सही म्हटलंय तिथं.”

काकी भाकरी थापता थापता म्हणाली, “वाचून तरी बघा की, कशाचा हाय.”

“शिकायचा हाय. त्यात काय वाचायचं?” आप्पानं सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. पेन रेवतीचं होतं.

यात तिला कुणी नाही म्हटलेलं नाही. घरातून जायला परवानगी मिळाली, वर काकी निदान वाचायला तरी सांगते, म्हणजे ती दुष्ट नाही. आणि तरी ती मुलगी त्या रात्री झोपणार नाही. तुमच्या हस्तलिखितात याच जागी काका अर्ज फाडून चुलीत टाकतो. फाडलेल्या अर्जानंतर पुढचं पान काय असणार ते वाचकाला आधीच कळतं.

पेनावरून आठवलं. तुमच्या पुस्तकात वस्तू फार कमी आहेत, आणि ज्या आहेत त्या आईचा फोटो, आईची साडी, आईचं मंगळसूत्र. अनाथ मुलांच्या सगळ्या हस्तलिखितांत ही पेटी असतेच. त्यापेक्षा नावाकडे बघा. आपल्याकडे मुलीच्या नावाच्या मध्यभागी वडील बसलेले असतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचंही नाव छापून येतं. म्हणजे गेलेली दोन्ही माणसं प्रत्येक हजेरीत, प्रत्येक फॉर्मवर हजर, आणि ‘पालकाची सही’ या रकान्यात तिसराच. रेशनकार्डावर ती काकाच्या कुटुंबात, नात्याच्या रकान्यात ‘पुतणी’. तिच्या पोरकेपणाचं वर्णन करायची गरजच नाही. एका आठवड्यात तिला तीन फॉर्म भरायला लावा.

राबवून घेण्याबद्दल. तुम्ही ‘राबत होती’ हा शब्द साठ पानांत एकोणीस वेळा वापरलाय (मोजले मी, सवय आहे). तासगाव भाग म्हणजे बेदाणा, आणि तुमच्या पुस्तकात एकही बेदाणा शेड नाही! दोन्ही बाजू उघडी असलेली ती शेड, एकावर एक जाळीचे रॅक, द्राक्षं डिपिंगच्या पाण्यातून काढून जाळीवर पसरायची, दोन आठवडे वारा खाऊ द्यायची, मग झाडून, मळून, काड्या निवडत बसायचं. साखरेने बोटं एकमेकांना चिकटतात. पोरींना कपाळावरचे केस मनगटाने मागे सारायची सवय लागते. ही सवय रेवतीला द्या. सांगलीला वसतिगृहात, हात स्वच्छ असतानाही ती केस मनगटानेच सारेल आणि कुणीतरी विचारेल. तेवढ्यात गाव परत आलं.

आणि हंगाम बघा. बेदाण्याची गडबड फेब्रुवारी ते एप्रिल, दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. काकाने तिला शिकू द्यायचं नाही असं ठरवायची काही गरज नाही. माल जाळीवर असताना पावसाचं ढग आलं की घरातला प्रत्येक हात शेडवर हवा, मग उद्या भूमितीचा पेपर असो. त्या रात्री तो तिला अभ्यासावरून उठवतो तेव्हा तो दुष्ट नाही, घाबरलेला आहे. त्याच मालात तिच्याही हिश्श्याचे पैसे आहेत, हे त्या वेळी दोघांपैकी एकालाही सुचत नाही. नंतर सुचेल, आधी तिला.

भाषेबद्दल थोडंच. तुमचे संवाद ‘काका’, ‘काकू’, ‘मला शिकायचं आहे’ असे पुण्याच्या बैठकीतले आहेत. त्या भागात चुलत्याला आप्पा, तात्या, आण्णा असं काहीतरी घरात पडलेलं नाव असतं, चुलतीला काकी. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, संवाद गावचे करा, पण प्रत्येक शब्दाचा उच्चार लिहून काढायच्या नादाला लागू नका. दर वाक्यात एखादं ‘हाय’, एखादं ‘न्हाई’ पुरतं. आणि सांगलीला गेल्यावर तिचं बोलणं बदलू दे. शनिवारी घरी आल्यावर ती चुकून ‘आहे’ म्हणते आणि काकी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघते. ती नजर लिहायची संधी सोडू नका.

राज्यसेवेचा शेवट. त्याबद्दल दोन गोष्टी. अनाथ मुलांसाठी आपल्याकडे नोकरी आणि शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे, आणि ते मिळायला गोव्यातल्या संस्थेत वाढलेल्या एका मुलीचा झगडा कारणीभूत झाला हे त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं. पण कोण अनाथ धरायचं, संस्थेत वाढलेला की नातेवाइकांकडे वाढलेलाही, याचे निकष पुढच्या शासन निर्णयांत बदलत गेले. रेवती चुलत्याकडे वाढलीय, त्यामुळे तुमचं वर्ष कोणतं यावर सगळं ठरेल. त्या वर्षीचा शासन निर्णय काढून वाचा. दुसरी गोष्ट, मला हा शेवट आवडत नाही. अधिकारी होऊन गाडीतून गावात परत येणं म्हणजे आपण काकाच्या माथ्यावर सरकार नेऊन बसवलं. तिचं भांडण तिने स्वतः संपवलं नाही.

वय किती, याचाही विचार या निमित्ताने करा. सोळाव्या वर्षी पुस्तक संपवायची घाई नको. मुलगी कधी मोठी झाली याबद्दल आपलं सरकारच एकमताचं नाही: कामाला चौदा, मताला आणि सातबाराला अठरा. कोविडमध्ये आईवडील गेलेल्या मुलांसाठी केंद्राने जी योजना केली, तिच्यात अठराव्या वर्षापासून महिन्याला ठरावीक रक्कम आणि दहा लाख हातात येतात ते तेविसाव्या वर्षी. कुणीतरी बसून ठरवलं असणार की अठराव्या वर्षी एवढे पैसे दिले तर नातेवाईक काढून घेतील. ते ठरवणाऱ्याला गाव माहीत होतं.

तेव्हा कामाचा क्रम सांगते. पुण्याची दोनशे पानं बाजूला ठेवा, फाडू नका. पहिल्या साठ पानांत आजी जिवंत करा, काकाला थोडा चांगला करा, एक पावसाची रात्र शेडवर घालवा. मग सांगली, दोन वर्षं, येणंजाणं, बँकेचं पासबुक तिच्या हाती पहिल्यांदा कसं लागतं ते. एसटीची पहाट हवीच असेल तर अकरावी-बारावीच्या मधल्या सुट्टीत घाला: ती निघते, भिलवडी स्टेशनवर पुण्याची गाडी लागते, आणि ती चढत नाही. का, ते तुम्ही शोधा. ‘आजीसाठी’ हे उत्तर फार सोपं आहे, त्यापेक्षा अवघड एखादं असेल. हिशेबाचा प्रसंग शेवटाकडे ठेवा, आणि त्यात दोघांनाही बरोबर असू द्या.

शेवटचं प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे तलाठ्याच्या ऑफिसात आहे. जूनचा पहिला आठवडा, बाहेर गाड्यांवर खतांच्या पिशव्या, आत पंखा. अठरा पूर्ण होऊन तिला चार दिवस झालेत. अर्ज तिने स्वतः लिहिलाय. सोबत काका आलाय, कारण तिला गाडी चालवता येत नाही आणि सकाळची एसटी चुकली. तलाठी शाळा सोडल्याचा दाखला बघतो, अर्ज खाली-वर बघतो आणि सवयीने विचारतो, “पालक कोण?” त्यावर आधी कोण बोलतं, ती की काका, एवढंच तुम्हाला ठरवायचंय. मी तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा बदललं. तुमचं लिहून झालं की ते एक पान मला पाठवा.